दांडा जाड केला म्हणजे गाडी ताब्यात आली का?



आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात गाडी कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. ती आली कर्जाच्या अर्जातून. शेळ्या, शिलाई मशीन, मुलीची फी, दवाखाना ही कारणं आपल्या गटांना नवी नाहीत. आता मुलांच्या गाड्यांसाठीही अर्ज येऊ लागले आहेत. असाच एक अर्ज मध्यंतरी बैठकीत आला. सही आईची आणि कारण लिहिलं होतं, ‘मुलाच्या गाडीचा स्टॅबिलायझर बार बदलणे.’ रक्कम तीस हजार. गटात दहा जणी. हा बार म्हणजे काय, ते एकीलाही सांगता येईना. अर्ज करणाऱ्या ताई म्हणाल्या, “पोरगा म्हणतो, त्यानं गाडी वळणावर चिकटून चालते. रेसच्या गाडीसारखी.”

कर्ज द्यायचं की नाही, हा त्या गटाचा निर्णय. पण ज्या वस्तूसाठी आपण सही करतो ती काय करते, हे आपल्याला कळायला हवं. त्यातून ही वस्तू वळणावर गाडी कशी वागेल ते ठरवते. म्हणजे प्रश्न पैशांचाही आहे आणि जिवाचाही. माझे दीर गॅरेज चालवतात. त्यांच्याकडे दोन-तीन दुपारी बसून मी खोदून खोदून विचारलं, थोडं वाचलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडते. पाना हातात धरलेला नसला तरी चालेल, सगळं समजेल.

आधी एक अनुभव आठवा. एस.टी. घाट चढते, डावीकडे वळते आणि आपण सगळ्या उजवीकडे कलतो. शेजारची बाई अंगावर येते, पिशवी सरकते. आपल्यासारखी गाडीही कलते. वळणाच्या बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची सैल होते. गाडी जेवढी उंच आणि जेवढी मऊ, तेवढं हे कलणं जास्त.

हे कलणं कमी करायला गाडीच्या पोटाखाली एक स्टीलचा दांडा आडवा बसवलेला असतो. कुणी त्याला अँटी-रोल बार म्हणतं, कुणी स्वे बार. आपल्याकडे गॅरेजात स्टॅबिलायझर बार किंवा नुसता स्टॅबिलायझर म्हणतात. त्याची दोन्ही टोकं वळवलेली असतात, आकार साधारण पसरट ‘यू’सारखा. मधला भाग रबरी बुशमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला आणि दोन टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीला बांधलेली. अशा दांड्याचं पहिलं पेटंट कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळालं. म्हणजे वस्तू शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता तो काम कसं करतो? ओली गोधडी दोघींनी पिळतात, ते डोळ्यांसमोर आणा. एक टोक तुमच्या हातात, दुसरं जावेच्या. दोघींनी एकाच दिशेला मनगट फिरवलं तर गोधडी नुसती गोल फिरते, पीळ बसत नाही. एकीनं इकडे आणि दुसरीनं तिकडे फिरवलं की पीळ बसतो, आणि गोधडी उलट जोर लावते. दांड्याचं अगदी तसंच आहे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा नुसता फिरतो, काही अडवत नाही. वळणावर मात्र एक बाजू दबते, दुसरी उठते. मग दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ गाडीला कलण्यापासून मागे खेचतो.

यातूनच एक गैरसमज लगेच दूर होतो. मागे पोती भरली आणि गाडी दोन्ही बाजूंनी सारखी खाली बसली, तर हा दांडा तिला उचलत नाही. ते काम स्प्रिंगचं किंवा पाट्यांचं. दांडा फक्त डाव्या-उजव्यातला फरक बघतो.

मग दांडा जाड केला की गाडी कमी कलणार, म्हणजे ती चांगली झाली का? बहुतेक पोरांचा हिशेब इथेच थांबतो. खरा हिशेब इथून पुढे सुरू होतो.

रस्त्याला धरून ठेवतात ते टायर, दांडा नव्हे. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, हे गाडीचं वजन, तिची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. दांडा जाड केल्यानं ही एकूण बेरीज जवळपास बदलत नाही. बदलते ती वाटणी, म्हणजे त्यातलं किती पुढच्या जोडीवर पडावं आणि किती मागच्या. ज्या टोकाचा दांडा कडक, त्या टोकाकडे वजनाची ही अदलाबदल जास्त होते.

आणि टायरचा एक स्वभाव आहे. वजन दुप्पट टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. दोघी मैत्रिणी एकेक हंडा घेऊन चालल्या तर आरामात घरी पोचतात. एकीच्या डोक्यावर दोन्ही हंडे दिले आणि दुसरी मोकळी चालली, तर पाणी तेवढंच असतं, पण पहिलीचा पाय डळमळतो आणि दुसरीच्या मोकळ्या हातांचा तिला उपयोग होत नाही. टायरचंही तसंच. ज्या जोडीत सगळं ओझं बाहेरच्या चाकावर गेलं, त्या जोडीची एकूण पकड घटते.

म्हणून नियम असा निघतो. पुढचा दांडा कडक केला तर पुढची पकड आधी सुटते. स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक बाहेर सरळ जायला बघतं. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा दांडा कडक केला तर मागची पकड आधी सुटते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मागून फेकते’. हा ओव्हरस्टिअर. दांडा बदलणं म्हणजे पकड विकत घेणं नव्हे. आहे ती पकड पुढे ठेवायची की मागे, एवढंच आपण ठरवतो. स्पोर्ट्स कारवाले ज्याला हँडलिंगचा तोल म्हणतात, तो हाच.

या दोहोंत धोक्याचं कुठलं? नाक सरळ जायला लागलं तर घाबरलेला माणूस पाय ॲक्सिलरेटरवरून काढतो. वेग कमी होतो, वजन पुढे येतं आणि बहुतेक वेळा गाडी पुन्हा वळू लागते. म्हणजे भीतीनं जे होतं, ते उपयोगी पडतं. गाडी मागून फेकायला लागली आणि माणसानं घाबरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला, तर मागचं वजन आणखी हलकं होतं आणि गाडी गरकन फिरते. तिथे भीती घात करते. म्हणूनच रोजच्या वापराच्या गाड्या कंपन्या मुद्दाम थोड्या अंडरस्टिअरच्या बाजूला ठेवतात. मुलांना ती गाडी आळशी वाटते. तो आळस आपल्या जिवासाठी ठेवलेला असतो.

एका दांड्यानं केवढा फरक पडतो, ते दाखवणारी एक खरी गोष्ट अमेरिकेतली आहे. शेव्हरोले कंपनीनं १९५९च्या अखेरीस कॉर्व्हेअर नावाची गाडी आणली. अमेरिकी गाड्यांपेक्षा निराळी, इंजिन मागे. पुढे तिची मॉन्झा नावाची स्पोर्टी आवृत्ती तरुणांत खूप चालली. इंजिन मागे असल्यानं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. शिवाय मागच्या चाकांची जोडणी अशी की जोराच्या वळणावर चाक आत दुमडायला बघे. अशा गाडीला पुढचा दांडा फार गरजेचा. का, ते आता तुम्हीच सांगाल. पुढचा दांडा कडक असला की वजनाची अदलाबदल पुढे जास्त होते, मागच्या टायरवरचा ताण हलका होतो आणि गाडी मागून फेकत नाही.

पण सुरुवातीच्या कॉर्व्हेअरला तो दांडा दिलाच नव्हता. खर्च वाचवला. त्याऐवजी पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड हवा भरा, असं सांगितलं होतं. पुढची हवा कमी ठेवून पुढची पकड थोडी ढिली करायची, म्हणजे तोल जमेल, असा हिशेब. आता तुम्हीच विचार करा, पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरायची सवय सगळ्यांची. त्यात या गाडीचा तोल एका हवेच्या आकड्यावर टांगलेला.

१९६२ साली कंपनीनं जादा पैसे देणाऱ्यांसाठी एक संच काढला. त्यात पुढचा दांडा, कडक स्प्रिंगा आणि मागची चाकं जास्त दुमडू नयेत म्हणून पट्टे होते. म्हणजे ज्याला माहिती होती आणि ज्याच्या खिशात पैसे होते, त्याला दांडा मिळाला. बाकीच्यांना तो १९६४च्या मॉडेलपासून मिळाला. तेव्हा पुढचा दांडा सगळ्याच गाड्यांत आला आणि मागे आडवा पाटाही. १९६५ला मागची जोडणीच पूर्ण बदलली. कंपनीत पुढे मोठ्या पदावर पोचलेले जॉन डिलोरियन यांच्या आठवणींचं पुस्तक १९७९ साली आलं. त्यात गाडी सुधारायचा खर्च गाडीमागे १५ डॉलरच्या आसपास होता, असं म्हटलं आहे.

तोवर अपघातांचे शंभराहून जास्त दावे कोर्टात गेले होते. राल्फ नेडर या तरुण वकिलानं १९६५च्या नोव्हेंबरात एक पुस्तक प्रसिद्ध केलं, ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर होतं. कंपनीनं नेडर यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि १९६६च्या मार्चमध्ये जनरल मोटर्सच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७२ साली तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याच्या चाचण्यांचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की १९६० ते १९६३च्या कॉर्व्हेअरचा ताबा सुटण्याची शक्यता त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त नव्हती. वाद तिथे अजून चालतो. आपण त्यातून एवढंच घ्यायचं की पोटाखालचा, कुणाला न दिसणारा दांडा गाडीचा स्वभाव बदलू शकतो. त्या गाडीला तो पुढे हवा होता, कारण तिचा दोष मागे होता.

आता दुसरी गाडी बघू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. त्यामुळे नाक जड. वळणावर त्या नाकानं सरळ जायला बघतात. अशा गाडीला शर्यतीत पळवणारे लोक बहुधा मागचा दांडा जाड करतात. त्यानं मागची पकड थोडी घटते, पुढच्यावरचा ताण हलका होतो आणि नाक लवकर वळतं. शर्यतीच्या फोटोत अशा छोट्या गाड्या वळणावर आतलं मागचं चाक हवेत उचलून तीन पायांवर धावताना दिसतात. ते मागच्या कडकपणामुळे.

तिसरी गाडी जपानची माझदा एमएक्स-५, जगभर लोक तिला मियाटा म्हणतात. १९८९पासून निघते. दोन माणसांची, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. तिला कारखान्यातूनच दोन्हीकडे दांडे येतात. तिचे शौकीन बरेचदा पुढचाच दांडा जाड करतात. कारण कलणं पुढच्या दांड्यानं आवरलं की मागचं आतलं चाक जमिनीवर टेकून राहतं, आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनचा जोर रस्त्यात उतरतो. चाक हलकं झालं असतं तर ते जागीच फिरलं असतं.

तीन गाड्या, तीन उत्तरं. वस्तू एकच. म्हणून ‘मित्रानं त्याच्या गाडीत बसवला, मस्त चालते’ हे कारण पुरेसं नाही. शेजारणीची औषधाची गोळी आपण घेतो का?

थोडे आकडे सांगते, कारण दुकानदार फक्त मिलिमीटर सांगतो. दांड्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २० मिलिमीटरचा दांडा काढून २२चा बसवला, तर फरक दोनच मिलिमीटर. हातात धरला तर जाणवणारही नाही. पण कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. २०चा काढून २४चा घातला तर तो दुपटीहून थोडा जास्त होतो. म्हणून ‘जरासा जाड’ असं काही नसतं. भाजीत मीठ जरा जास्त झालं तर पाणी घालता येतं. इथे वळणावर पाणी घालायला वेळ नसतो.

पोकळ दांडेही मिळतात. फसवणूक वाटेल, पण तशी नाही. पीळ घेण्याचं बहुतेक काम दांड्याची बाहेरची कड करते. बाहेरून २४ आणि आतून १६ मिलिमीटरची नळी घेतली, तर ती २४च्या भरीव दांड्याच्या सुमारे ८० टक्के कडक असते आणि वजन मात्र त्याच्या ५६ टक्केच.

काही दांड्यांच्या टोकांना दोन-तीन भोकं असतात. लिंक रॉड टोकाकडच्या भोकात लावला तर हात लांब, म्हणून दांडा मऊ. आतल्या भोकात लावला तर हात आखूड, म्हणून कडक. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून ते फिरतं, मधोमध असता तर हात मोडला असता, तसंच हे. असा दांडा घेतला तर सुरुवात नेहमी सगळ्यात मऊ भोकापासून करायची.

आता तोटे. पहिला, खराब रस्ता. जाड दांडा दोन चाकांना घट्ट बांधतो. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का दुसऱ्यालाही बसतो. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड नसते. दगडधोंड्यांत चालवायच्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा दांडा बटण दाबून सोडवायची सोयच दिली आहे, कारण तिथे प्रत्येक चाकाला मोकळं वर-खाली जायला हवं असतं. आपले रस्ते रेसट्रॅकच्या जवळचे की दगडांच्या, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा, पाऊस. कोरड्या रस्त्यावर मागचा जाड दांडा मजा देतो. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन रस्ता निसरडा होतो, तेव्हा तीच गाडी मागून फेकते. शर्यतवाले पाऊस आला की मागचा दांडा मऊ करून घेतात. आपला मुलगा जूनमध्ये पसरणी घाट उतरताना खाली वाकून भोक बदलणार आहे का?

तिसरा, धरून ठेवणारे भाग. दांडा कडक झाला की त्याचे ब्रॅकेट, बुश, लिंक रॉड यांच्यावरचा ताण वाढतो. जुन्या गाडीत गंज असेल तर ब्रॅकेटला तडा जाऊ शकतो. नव्या गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तीही मूळ भागांच्या हिशेबानं बेतलेली असते.

चौथा, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९च्या जानेवारीत या कलमावर कडक निकाल दिला आहे. म्हणून आधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला लेखी विचारायचं. अपघातानंतर विमा अडला तर हप्ता कोण भरणार? ज्या आईची सही आहे, तीच.

मग मुलाला सरळ नाही म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही. हा छंद वाईट नाही. त्यात अभ्यास आहे, आणि यातून पुढे कुणी चांगला मेकॅनिक किंवा इंजिनिअर होतो. पण शिकायचं असेल तर क्रमानं शिकावं. माझ्या दिरांनी सांगितलेला क्रम असा.

आधी टायर बघा. झिजलेल्या टायरवर कुठलाही दांडा काम करत नाही. मग हवा, गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, गार टायरमध्ये मोजलेली. मग अलाइनमेंट. मग शॉकअप. मग आहे त्याच दांड्याचे बुश आणि लिंक रॉड. खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक टक’ आवाज येत असेल, तर बरेचदा लिंक रॉड ढिला झालेला असतो. तो ढिला असला तर कारखान्याचा चांगला दांडाही अर्धवट काम करतो, आणि गाडी कलते म्हणून पोरगा नवा दांडा मागतो. ही दुरुस्ती नव्या दांड्याच्या तुलनेत स्वस्त आहे. कितीतरी गाड्यांचं दुखणं इथेच थांबतं.

एवढं करूनही बदल हवाच असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दांडा, स्प्रिंग आणि टायर एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कळत नाही. आपण डाळीत तीन नवे मसाले एकदम घातले आणि डाळ बिघडली, तर दोष कुणाला देणार? बसवताना गाडी चाकांवर सपाट उभी असावी आणि लिंक अशा बेतानं घट्ट करावेत की उभ्या गाडीत दांड्याला आधीच पीळ बसलेला नसेल. नाहीतर गाडी एका वळणावर एक आणि दुसऱ्या वळणावर दुसरं वागते. आणि चाचणी घाटात नाही. त्यासाठी बंद ट्रॅक असतात. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळही ट्रॅक आहे. तिथे गाडी घसरली तर समोर दुधाचा टेम्पो नसतो आणि शाळेतून येणारी पोरं नसतात.

मैत्रिणींनो, आता गटाच्या कामाचं. असा अर्ज आला तर हसू नका, आणि ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून सहीही करू नका. मुलालाच बैठकीत बोलवा, चहा द्या आणि पाच प्रश्न विचारा. तुझी गाडी वळणावर नाकानं सरळ जाते की मागून फेकते? म्हणजे दांडा पुढचा हवा की मागचा? आत्ताचा किती मिलिमीटरचा आहे आणि नवा किती? बुश, लिंक रॉड, टायर तपासल्याची पावती कुठे आहे? आर.टी.ओ. आणि विम्याचं लेखी उत्तर आहे का?

पहिल्याच प्रश्नाला तो अडखळला, तर त्याला दांड्याची नाही, अजून थोड्या अभ्यासाची गरज आहे, असं समजा. पाचही उत्तरं नीट आली, तर निदान समजून-उमजून मागतो आहे एवढं कळेल. पुढे गटाची ऐपत, परतफेड आणि तुमचा नियम. गाडीत मागच्या सीटवर आपण बसतो, आपली सून बसते, नातवंडं बसतात. त्यामुळे हे प्रश्न विचारायचा आपला हक्क कर्ज देण्याच्याही आधीचा आहे.

आणि हे प्रश्न फक्त मुलांच्या गाडीपुरते ठेवू नका. गटानं माल नेण्यासाठी टेम्पो घेतला असेल, रोज मजुरीला नेणारी जीप असेल, तर चालकाला एकदा गाडीखाली बघायला सांगा. दांडा जागेवर आहे का? बुश फाटलेत का? लिंक रॉड तुटला म्हणून काढून ठेवला आणि ‘तसंच चालतंय’ म्हणून गाडी पळवली जाते आहे का? टपावर ओझं चढवलं की गाडीचं वजन उंचावर जातं आणि ती जास्त कलते. तेव्हा तोच दांडा तुमच्या कामाचा असतो. पुढच्या बैठकीला तेवढं बघून या आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.